होडीने शिकविलेले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही हे आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पंधरा-सोळा वर्षे मी मंडळात येते आहे, परंतु आजवर माझे काम सतरंज्या घालणे, चहाचे आधण ठेवणे आणि भिशीच्या वहीत सही करणे एवढेच. गेल्या महिन्यात चिटणीसबाई म्हणाल्या, "दरवर्षी कीर्तन-प्रवचन होते, बुद्धजयंतीला व्याख्यान होते. ह्या वेळी तुम्ही तुमच्या धर्मातले काहीतरी सांगा." मी म्हटले, "मला बायबलातले सांगायचे तर फादरांना बोलवा." त्या म्हणाल्या, "बायबलातले नको, तुमच्यातले सांगा." तेव्हा माझ्यातले सांगते. माझ्यात जे काही थोडे आहे ते देवळात कमी आणि होडीवर जास्त शिकलेले आहे.

तुम्हांला ठाऊक आहे की माझे माहेर वसईचे. आम्ही ख्रिस्ती कोळी. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांचे राज्य होते, त्या काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण समुद्र तोच, जाळे तेच आणि बोलीही तीच. पंचांगसुद्धा पुष्कळसे तेच राहिले. तुम्ही चतुर्थी-एकादशी मोजता तशी आमच्या घरातही तिथी मोजली जाई. समुद्र चंद्राच्या मागे जातो, रविवारच्या मागे नाही. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. आज पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून पावणेचारच्या सुमारास भरती. हा पाढा मी शाळेत जाण्यापूर्वी शिकले. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला ओढ कमी. भांगाच्या दिवसांत आमच्या घरी पैसा कमी, म्हणून आई अष्टमीला कुणाकडे उधार मागायला जात नसे. ती म्हणे, "सगळ्यांच्याच चुली त्या दिवशी मंद असतात."

आता होडीवर मी कशी गेले ते सांगते. कारण कोळ्यांत बाईमाणूस मासेमारीच्या होडीवर जात नाही. बाईचे काम किनाऱ्यावर. मासळी निवडणे, वाळविणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसणे.

१९९३ साली मी सातवी पास झाले. त्याच वर्षी बाबांनी होडीला नवे एंजिन घेतले आणि कर्ज झाले. पावसाळा संपून होड्या पाण्यात गेल्या आणि दोन खलाशांपैकी एक जण आगाऊ पैसे घेऊन दुसऱ्याच बंदराला निघून गेला. नवा ठेवायचा तर पुन्हा आगाऊ पैसे. भाऊ दहा वर्षांचा, शाळेत. एके रात्री जेवताना बाबा म्हणाले, "भात शिजवायला, दोर धरायला आणि पाणी उपसायला एक माणूस मिळाले तरी ह्या हंगामाचे निभेल." कुणी काही बोलले नाही. मग आजीने माझ्याकडे पाहिले.

वाड्यात पुष्कळ बोलणे झाले. पोरगी होडीवर नेली तर जाळ्याला मासळी लागणार नाही, असे कुणी म्हणाले. आजी खमकी. तिने वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचे नाव काढले. तो आमच्या वसईत १५५७ च्या सुमारास जन्मला, पंधराएक वर्षांचा असता पाद्रींबरोबर जहाजावर चढून जपानला गेला. त्याला त्यांच्या संघात जावयाचे होते, पण वर्षे गेली तरी कुणी घेईना. मग तो व्यापारी झाला, मकाव-मनिलापर्यंत जहाजाने फिरला. शेवटी १५८८ साली मनिलाला फ्रान्सिस्कन लोकांनी त्याला साधा ब्रदर म्हणून घेतले. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारले. १८६२ साली पोपनी त्याला संत ठरविले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. आजी वाड्यातल्या बायकांना म्हणाली, "त्याला पाद्री घेत नव्हते तर होडीने घेतले. माझ्या नातीला शाळा पुढे घेत नाही तर तिलाही होडी घेईल." ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते मला अजून नीट कळलेले नाही, परंतु बायका गप्प बसल्या खऱ्या.

ऑक्टोबर १९९३ पासून फेब्रुवारी १९९४ पर्यंत मी होडीवर राहिले. भावाची अर्धी चड्डी आणि बाबांचा जुना सदरा घातला, केस रुमालात बांधले. अधूनमधून घरी येत असे, परंतु दोन-तीन दिवस, कधी चार दिवस सलग पाण्यावर. बाबा तांडेल, काका, एक खलाशी आणि मी.

आमची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचे लांबलचक जाळे. समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले असतात, त्यांना ते बांधायचे. तोंड पाण्याच्या ओढीकडे. पाणी धावते तशी मासळी आपण होऊन आत शिरते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा. मग भरती संपून ओहोटी लागण्याच्या मध्ये पाणी घटकाभर थांबते. त्या घटकेत जाळे उचलावे लागते. ती घटका दुपारी येईल, नाहीतर रात्री अडीचला येईल. तुमच्या झोपेशी तिला कर्तव्य नाही. मला पहिले आठ दिवस वाटे की बाबांनी अर्धा तास थांबावे, मी जरा डोळा लावीन. ते म्हणत, "पाणी थांबले आहे ते तुझ्यासाठी नाही."

आमच्या शुभवर्तमानात पुष्कळ गोष्टी होडीतल्याच आहेत, कारण येशूचे पहिले शिष्य कोळी होते. समुद्रावरचे नव्हेत, गालील नावाच्या सरोवरावरचे. ते सरोवर एकवीस किलोमीटर लांब आहे. १९८६ साली दुष्काळाने त्याचे पाणी खूप आटले, तेव्हा दोन कोळी भावांना चिखलात एक जुनी होडी सापडली. सत्तावीस फूट लांब, साडेसात फूट रुंद, येशूच्या काळातली. फादरांनी आम्हांला तिचे चित्र दाखविले होते. दहा-बारा जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून जोडून ती दुरुस्त केलेली आहे. ते चित्र पाहून मला फार आपलेपणा वाटला. ज्याच्याजवळ नवी फळी घेण्यास पैसा नाही, त्याची होडी अशीच असते. आमचीही तशीच होती, एंजिन तेवढे नवे.

पेत्राने रात्रभर जाळे टाकले आणि काही मिळाले नाही, मग येशूच्या सांगण्यावरून पुन्हा टाकले तेव्हा जाळे फाटेल इतकी मासळी आली, ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. डिसेंबरात आम्हांला लागोपाठ तीन फेऱ्या तसेच रिकामे जाळे आले. रिकामे म्हणजे काय, त्यात जेलीमासे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल. मी चौथ्या वेळी मनापासून प्रार्थना केली, पेत्राची आठवण देवाला करून दिली. जाळे वर आले. दुसऱ्या पायाची चप्पल आली. ती माझ्या मापाची नव्हती.

काका हसून हसून लोळले. मला मात्र रडू आले. बाबा जाळे धूत होते. ते म्हणाले, "गो बाय, पेत्राला एकदा मिळाली ती लिहून ठेवली. बाकीच्या दिवशी तो रिकाम्या जाळ्यानेच घरी जात असेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत असेल. ते कोण लिहिणार?" बाबा चौथी शिकलेले. प्रवचन वगैरे त्यांना येत नव्हते. परंतु त्या दिवसापासून मी मासळीसाठी प्रार्थना करीत नाही. जाळे धुवायला हात चालावेत म्हणून करते. आता मासळीचा प्रश्न नाही, पण पगार पुरत नाही, मुलगा परीक्षेत राहतो, असे काही झाले म्हणजे मला ती चप्पल आठवते.

होडीवर पाण्याचेही शिकले. चोहोकडे पाणी, आणि पिण्याचे दोन पिंप. भांडी खाऱ्या पाण्याने, अंघोळ नाही, तांदूळ एकदा खाऱ्या पाण्याने धुवायचे आणि शिजवायला गोडे घ्यायचे. मी एकदा अर्धा तांब्या गोडे पाणी तोंड धुण्यात घालविले, तर बाबा रागावले नाहीत, पण त्या दिवशी स्वतः दुपारचे पाणी प्याले नाहीत. इगतपुरीला हे समजावून सांगायला नको. श्रावणात इथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि उन्हाळा लागला की आपण हंडे घेऊन रांगेत उभ्या.

पण मला खरे सांगावयाचे आहे ते नांगराचे.

घरात बसून आपल्याला वाटते की नांगर म्हणजे जड लोखंड, त्याच्या वजनाने होडी थांबते. तसे नाही. नांगराचा फाळ तळाच्या चिखलात रुतावा लागतो, आणि रुतण्यासाठी दोर आडवा ओढला गेला पाहिजे. म्हणून पाणी जितके खोल, त्याच्या चार-पाच पट दोर सोडावा लागतो. वादळात तर त्याहूनही जास्त. दोर आखूड असला की लाटेबरोबर होडी वर उचलते, दोर सरळ उभा ताणला जातो आणि नांगर चिखलातून उपटून येतो. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. दोर आवळतो.

जानेवारीतल्या एका रात्री उत्तरेचा वारा सुटला. आम्ही भाईंदरच्या बाजूला खाडीच्या तोंडाबाहेर होतो. दूर रेल्वेच्या पुलावरून गाड्या जाताना दिसत. उजेडाच्या खिडक्यांची एक माळ, आणि त्यात बसलेल्या लोकांना आम्ही इथे आहोत हे माहीतही नाही. (पुढे रेल्वेवाल्याशीच लग्न व्हायचे होते हे तेव्हा मला माहीत नव्हते.) बाबांनी नांगर टाकला. होडी अशी उसळू लागली की भाताचे पातेले उलटून भात सगळा तळात गेला. दोर माझ्या हातात. मी भीतीने तो खेचून धरला. बाबा ओरडले, "दोर सोड! सोड गो! आवळू नको!" मी सोडला. आणखी सोडला. होडी मागे मागे जाऊ लागली, मला वाटले आता गेलो. मग एक हिसका बसला आणि होडीने वाऱ्याकडे तोंड केले.

बाबांनी दोर बांधला, हाताने तो चाचपून पाहिला, आणि मग काय केले असेल? ते जाऊन झोपले. मी आणि काका पाणी उपसत होतो आणि बाबा जाळ्याच्या ढिगावर घोरत होते. मला इतका संताप आला की मी त्यांना हलवून उठविले आणि म्हटले, "आम्ही बुडतो आहोत आणि तुम्ही झोपता?"

बोलले आणि माझ्याच अंगावर काटा आला. कारण हे वाक्य मी दर वर्षी देवळात ऐकत होते. शिष्य होडीत होते, वादळ झाले, येशू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, आणि त्यांनी त्याला उठवून जवळजवळ हेच विचारले. पुढे तो उठला आणि त्याने वाऱ्याला गप्प केले. माझे बाबा उठले आणि त्यांनी पुन्हा एकदा दोर चाचपून पाहिला. वारा काही थांबला नाही, पहाटेपर्यंत होता. ते म्हणाले, "नांगर धरून आहे. धरला नसता तर मी झोपलो असतो का? तू उपस. तासाने मला उठव, मग मी उपसतो." तासाने मी त्यांना उठविले. ते उपसायला बसले आणि मी त्याच ढिगावर झोपले. गाढ झोपले.

फादर सांगत की रोममध्ये पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक जमिनीखालच्या भुयारांत आपले मृत पुरीत, आणि त्या थडग्यांवर नांगराचे चित्र कोरीत. आशेची खूण म्हणून. तो नांगर फार सुबक असतो. आमचा गंजलेला होता आणि एका बाजूने वाकडा.

फेब्रुवारीत कर्जाचा मोठा हप्ता फिटला, खलाशी मिळाला, आणि मी किनाऱ्यावर परत आले. शाळा मात्र सुटली ती सुटलीच. २००१ मध्ये लग्न होऊन मी इगतपुरीला आले. त्या वेळी मुंबईहून आलेल्या गाडीचे एंजिन इथे बदलत असे आणि गाडी बराच वेळ उभी राही. वडा, चहा विकणाऱ्यांची धांदल. थळ घाटातला हा रस्ता १८६५ साली चालू झाला, त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून एंजिने लावतात. आमचे हे मला सांगत, "पुढच्या डब्यातल्या माणसाला वाटते पुढचेच एंजिन ओढते आहे. मागून कोण लोटते ते त्याला दिसत नाही." मी म्हणे, "हे आमच्या फादरांना सांगा, त्यांचा एक रविवार निघेल." समुद्र इथून दूर, आणि आपण दोन हजार फूट उंचावर. मला वाटले, आता वाऱ्याशी माझा संबंध संपला.

मग २००९ साल आले. नोव्हेंबरची ११ तारीख. फयान नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याने वर येऊन अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर चढले. तुमच्यापैकी कितीतरी जणींना तो दिवस आठवत असेल, इथे घाटातही वारा आणि अवेळी पाऊस होता. माझा भाऊ तेव्हा बाबांच्या जागी तांडेल झाला होता आणि दोन दिवसांपूर्वी बाहेर गेला होता. फोन लागेना. माझ्या मावशीचा मुलगा दक्षिणेकडच्या एका बंदरातल्या होडीवर खलाशी म्हणून होता, कारण तिकडे रोज बरा मिळे. तो चोवीस वर्षांचा. त्याचाही फोन लागेना.

त्या रात्री ह्यांची ड्यूटी होती. मी दोन लहान मुलांना घेऊन बसले होते. मग दारावर थाप पडली. समोरच्या काकू, मागच्या चाळीतल्या वहिनी, आणि ज्यांच्याशी माझे नळावरून महिनाभर बोलणे बंद होते त्या बाई, अशा तिघी आल्या. एकीने चहा केला. एक म्हणाली, "घाटनदेवीला नारळ बोलून आले आहे, तुला चालेल ना?" मी म्हटले, "चालेल." मी जपमाळ म्हणत होते, काकू रामरक्षा म्हणत होत्या, आणि नळावरच्या बाई काहीच न म्हणता माझ्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रात्री मी होडीत नव्हते, पण पाणी उपसायला माणसे होती. त्याच्या पुढच्या महिन्यापासून मी मंडळात येऊ लागले.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. तो एका खाडीत शिरून राहिला होता. मी त्याच दुपारी कल्याणवरून वसईला गेले. घर माणसांनी भरलेले. भावाला पाहून मी सगळ्यांच्या समोर मोठ्याने म्हणाले, "देवाने वाचविले! देवाने माझ्या भावाला वाचविले!"

मावशी कोपऱ्यात बसली होती. तिने मान वर केली. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "तुझ्या भावाला देवाने वाचविले. मग माझ्या पोराचे काय केले?"

भगिनींनो, आज मी इथे उभी आहे ती हे सांगण्यासाठी. ती होडी परत आली नाही आणि तिच्यावरची माणसेही परत आली नाहीत. मावशीच्या मुलाला थडगे नाही. आणि मी तिच्यासमोर असे बोलले की जणू देवाने दोन होड्यांतून एक निवडली आणि ती आमची निघाली. मी चार महिने होडीवर राहून काय शिकले होते? तिथे ते एका वाक्यात विसरले.

पुढे दोन-तीन वर्षे मी बायबल वाचले ते मावशीला उत्तर शोधण्यासाठी. मला पौलाची गोष्ट सापडली. पौलाला कैदी म्हणून जहाजातून रोमला नेत होते. चौदा दिवस वादळ. रात्री खलाशांनी जहाजाच्या मागून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहत बसले. पौलाने सगळ्यांसमोर भाकरी मोडून खाल्ली आणि इतरांना खायला सांगितले. जहाज शेवटी फुटले, पण २७६ माणसे, कुणी पोहून, कुणी फळीवर, मलिता बेटाला लागली. मला वाटले, ही गोष्ट मावशीला सांगावी. सांगितली. ती म्हणाली, "पौलाच्या जहाजातले सगळे वाचले. माझ्याच्यातले नाही." मी पुस्तक मिटले.

एकदा सुट्टीत माहेरी गेले असता फादरांनी स्टीफन्स पाद्रींची हकिगत सांगितली. हे इंग्लंडचे. १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजे निघाली, त्यांत ते होते, आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिने! ह्या प्रवासाचे सविस्तर पत्र त्यांनी गोव्याहून आपल्या वडिलांना लिहिले. ताजे अन्न नाही, म्हणून लोकांच्या हिरड्या सुजल्या, अंग सुजले. दीडशेंहून अधिक आजारी पडले आणि सत्तावीस मेले. हिंदुस्थान जवळ आला असे वाटले, तो पाहतात तर आफ्रिकेजवळचे सोकोत्रा बेट. मग पुन्हा पुढे. पक्षी, वाहून आलेल्या झावळ्या, पाण्यातले साप दिसू लागले तेव्हा किनारा जवळ आल्याचे ओळखले. ह्याच स्टीफन्स पाद्रींनी गोव्यात मराठी शिकून ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिले, ते १६१६ साली छापले गेले. आपल्या ज्ञानेश्वरीसारख्या ओव्या, आणि लिहिणारा इंग्रज. फादर त्या पुराणाचे कौतुक करीत होते, सगळे माना डोलवीत होते. ते रास्तच आहे. माझ्या शेजारी मावशी बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "त्या सत्तावीस जणांच्या आया तिकडे वाट बघत असतील नाही?"

मला तिला काही सांगता आले नाही. पण त्या दिवशी मी ठरविले की उत्तर शोधण्याचे आता पुरे. शिष्यांनी येशूला जे विचारले, मी बाबांना जे विचारले, तेच मावशीने विचारले होते. आम्ही बुडतो आहोत, तुला काहीच वाटत नाही का? शिष्यांना येशू थोडे बोलला खरा, तुमचा विश्वास कुठे गेला म्हणून. पण असे विचारले म्हणून त्याने कुणाला होडीतून खाली उतरविले नाही. ते सगळे त्याच होडीतून पलीकडच्या तीराला गेले. मावशीला मात्र आम्हीच उतरविले होते. ती असे काही बोलेल म्हणून बारशाला, लग्नाला लोक तिला बोलावीनासे झाले होते. मीही दोन वर्षे तिच्या घरी जाताना दारावरून पुढे गेले आहे, कबूल करते.

आता २ नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या दिवशी, मी दर वर्षी वसईला जाते. लोक दफनभूमीत थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. मावशी आणि मी बंदरावर जातो. वाऱ्याने मेणबत्ती टिकत नाही, म्हणून कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत लावतो. ती प्रार्थना म्हणते. मधेच थांबते आणि देवाशी भांडते. मग पुन्हा म्हणते. पूर्वी ती भांडू लागली की मी घाईने पुढची प्रार्थना सुरू करीत असे. आता करीत नाही. दोर सोडते. ती जाते तितकी लांब जाते, आणि आजवर दर वर्षी आम्ही दोघी एकत्रच घरी आलो आहोत. नांगर धरून आहे की नाही हे मला वरून दिसत नाही. ते बाबांनाही दिसत नव्हते, ते हाताने चाचपून पाहत.

बाबा आता नाहीत. ते घरी, अंथरुणात गेले. भाऊ अजून होडी चालवितो. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा तो चार दिवस इथे येतो आणि पाऊस पाहून म्हणतो, "तुमच्याकडे तर समुद्र आकाशात आहे."

येत्या नाताळात मावशी पहिल्यांदाच इगतपुरीला माझ्याकडे राहायला येणार आहे. तिला घाट चढताना गाडीला मागून एंजिन कसे लावतात ते कसाऱ्याला उतरून पाहायचे आहे. ती सुके बोंबील आणील, तेव्हा ज्यांना वास चालत नाही त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात आणि ज्यांना चालतो त्यांनी घरी यावे. तिला भेटलात तर तिच्या मुलाचे नाव विचारा. ती सांगते, आणि तो काय काय खात असे तेही सांगते. आपण विचारले नाही तर तिला वाटते लोक विसरले.

त्या रात्री माझ्या घरी आलेल्या तिघींपैकी काकू आता आपल्यांत नाहीत. बाकीच्या दोघी समोर बसल्या आहेत, आणि मी त्यांची नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत. चहाचे आधण मी येताना ठेवून आले होते, ते आता उतू गेले असेल.